वाचकांचे प्रश्न : टेक्सासातला रोही आणि वाटाड्याचा दर

प्रश्न : मी अंबाजोगाई येथे राहणारा निवृत्त शिक्षक असून माळकरी आहे. माझा मुलगा चार वर्षांपासून ह्यूस्टन येथे एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. येत्या हिवाळ्यात तो आणि त्याचे दोन सहकारी दक्षिण टेक्सासात शिकारीला जाणार आहेत, आणि शिकार कशाची, तर रोह्याची! आमच्या तुरीत रात्री कळपाने उतरणारा हा प्राणी मारण्यासाठी तिकडे माणसे हजारो डॉलर मोजतात, हे ऐकून मी थक्क झालो. तेथील एका रँचमालकाने वाटाड्यासह नर रोह्याचे माणशी साडेतीन हजार डॉलर सांगितले आहेत. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, बंदूक विकत घेऊन आपले आपण गेलो, तर चौथाई खर्चात भागेल. मुळात शिकार करू नये, असेच मी मुलाला सांगितले. परंतु तो तीस वर्षांचा आहे. निदान पैसा आणि जीव या दोहोंच्या दृष्टीने कोणता मार्ग शहाणपणाचा, ते सांगावे.

उत्तर : शिकार करावी की नाही, हा वाद आपण पिता-पुत्रांत राहू द्यावा, हिशेब मात्र माळकऱ्यालाही मांडता येतो, म्हणून तोच मांडतो. आधी आपल्या आश्चर्याचे निरसन करतो. रोही, म्हणजे नीलगाय, हा मूळचा आपलाच प्राणी. १९३० च्या सुमारास तो दक्षिण टेक्सासातील किंग रँच या अफाट कुरणात नेऊन सोडला गेला. तेथील उष्ण हवा आणि काटेरी झुडपांचे रान त्याला इतके मानवले की, आज तो तेथे हजारोंच्या संख्येने मोकाट फिरतो. त्या रानात सर्वत्र दिसणारे मेस्कीट हे झाड म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीणच. बाहेरून आणलेला प्राणी म्हणून टेक्सासच्या कायद्यात रोह्याला शिकारीचा बंद हंगाम नाही आणि किती मारावेत याची मर्यादाही नाही. आपले काळवीटही असेच तिकडे गेले आणि आता तेही तेथे पैसे देऊन मारले जाते.

आता खर्चाकडे वळू. आपल्या पत्रातील दोन आकड्यांची तुलना मुळातच चुकीची मांडली गेली आहे, असे मला वाटते. लग्नाचे जेवण केटररला ताटामागे ठरवून दिले, तर दर मोठा दिसतो. आचारी लावून सामान आपण भरले, तर आचाऱ्याची मजुरी तेवढी डोळ्यांपुढे राहते आणि गॅस, भांडी, वाढपी, उरलेले अन्न हे सगळे नंतर एकेक करून खिशातून जाते. सहकाऱ्याने सांगितलेला चौथाईचा आकडा या आचाऱ्याच्या मजुरीसारखा आहे. त्यात बंदूक धरलेलीच नाही.

टेक्सासची एक अडचण अशी की, त्या राज्यातील सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. कुंपणापलीकडे रोही दिसतो म्हणून कोणालाही आत शिरता येत नाही. त्यामुळे ‘आपले आपण’ जाणाऱ्यालाही कोणाला तरी प्रवेशाचे पैसे द्यावेच लागतात, किंवा लागुना अटास्कोसासारख्या सरकारी अभयारण्यात ठराविक तारखांना होणाऱ्या शिकारीसाठी अर्ज करून सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते. तेथील शुल्क नाममात्र असते. पण नाव निघाले नाही तर तो हिवाळा गेला, आणि निघाले तरी अनोळखी रानात दोन-तीन दिवसांत जनावर मिळवायचे असते. रोह्याची नजर तीक्ष्ण असते आणि बिथरलेला कळप थांबायचे नाव घेत नाही, हे तुरीची राखण करणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. तो ठराविक जागी पुन्हापुन्हा येऊन लेंड्या टाकतो, त्या ढिगांवरून त्याचा वावर ओळखता येतो. मात्र कोणता ढीग ताजा आणि कळप पाण्यावर कधी येतो, हे ज्याने ते रान वर्षभर पाहिले आहे त्यालाच ठाऊक असते. वाटाड्याला पैसे द्यायचे ते या माहितीचे.

स्वतः जाण्याचा पहिल्या वर्षाचा माणशी हिशेब मी असा धरतो. रोही चिवट असून त्याच्या मानेची आणि खांद्याची कातडी जाड असते, म्हणून त्याला हलकी बंदूक चालत नाही. योग्य रायफल व तिच्यावरील दुर्बीण मिळून १,२०० डॉलर, काडतुसे व नेमबाजीच्या मैदानावरील सराव २००, सुऱ्या, मांसाच्या पिशव्या व मोठ्या बर्फपेट्या २५०, अर्ज व परवान्याचे १००, आणि ह्यूस्टनहून एका बाजूने चारशे ते साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास धरून पेट्रोल व मुक्काम ३००. बेरीज २,०५० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ही रक्कम पावणेदोन लाखांच्या घरात जाते, आणि हाती जनावर येईलच असे नाही. रायफल पुढेही उपयोगी पडते हे खरे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाच खर्च सहाशे-सातशे डॉलरवर येईल आणि मग सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर ठरेल. पण त्यासाठी तिघांनी दरवर्षी जायला हवे. नोकरी बदलली, गाव बदलले किंवा मायदेशी परतायचे ठरले, तर ती रायफल मिळेल त्या भावाने विकावी लागेल.

वाटाड्याच्या बाजूलाही छुपे खर्च आहेतच. साडेतीन हजारांवर दहा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची तेथे रीत आहे. मांस कापून, बांधून देणाऱ्या खाटकाचे दोन-अडीचशे डॉलर वेगळे. मुक्काम व जेवण दरात धरले आहे की नाही, ते विचारावे लागते. सर्वांत महत्त्वाची अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते : बहुसंख्य रँचवर जखमी जनावर हे मारलेलेच धरतात. गोळी चाटून गेली, रक्ताचा थेंब दिसला आणि रोही झुडपात नाहीसा झाला, तरी पूर्ण रक्कम द्यावी लागते. नवशिक्याच्या बाबतीत ही शक्यता लहान नाही, म्हणून ही अट लेखी वाचल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नयेत.

माझा सल्ला या दोन्ही मार्गांहून थोडा वेगळा आहे. पहिल्या वर्षी तिघांनी मिळून, वाटाड्यासह, एकच मादी रोही ठरवावी. नराची किंमत मुख्यतः भिंतीवर टांगायच्या मुंडक्याची असते. मादीचा दर त्याच्या निम्म्याच्या आसपास, साधारण १,२०० ते २,००० डॉलर असतो आणि तिचे मांस अधिक कोवळे समजतात. तिघांपैकी एकाने गोळी झाडावी, उरलेल्या दोघांनी सोबत राहून पाहावे, शिकावे. पुष्कळ रँच अशा सोबत्यांना अल्प शुल्कात येऊ देतात आणि वाटाड्याची रायफल वापरायला देतात. मादीचे १,५००, बक्षिसी २२५, खाटिक २५०, प्रवास व मुक्काम ३००, आणि तिघांचे परवाने व प्रशिक्षण १५० असे धरले, तर २,४२५ डॉलर होतात; माणशी सुमारे ८१०, म्हणजे ६९ हजार रुपये. सहकाऱ्याचा चौथाईचा आकडा जवळजवळ गाठला गेला, आणि तोही बंदूक न घेता. मात्र हे स्वस्त मांस आहे, असा युक्तिवाद मुलाने केला तर तो मान्य करू नये. मध्यम मादीपासून हाडांविना ४५ किलो मांस मिळाले तरी किलोला पन्नास डॉलरहून अधिक पडतात. ह्यूस्टनच्या दुकानात बोकडाचे मटण यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते.

आता आपल्या पत्रात नसलेली, पण मला सर्वांत काळजीची वाटणारी बाब सांगतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला जे अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे कोणत्याही राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. टेक्सासात सहा महिन्यांहून अधिक काळ सलग राहिलेल्याला तो अवघ्या २५ डॉलरला मिळतो. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारविषयक प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. येथे एक फसवी जागा आहे. खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुकरे मारायला टेक्सासात २०१९ पासून परवान्याची गरज उरलेली नाही. त्यामुळे ‘आधी डुकरांवर हात बसवू, परवाना नंतर काढू’ असे मित्र सहज म्हणतात. नागरिक असलेल्या मित्राला ते चालेल. आपल्या मुलाने परवान्याविना मित्राची रायफल हातात घेतली तरी तो केंद्रीय गुन्हा ठरू शकतो आणि व्हिसावर गदा येऊ शकते. परवाना आधी, बंदूक नंतर, हा क्रम त्याने मोडू नये आणि रायफल घेण्यापूर्वी एकदा वकिलाचा सल्ला घ्यावा. त्या फीचे पैसे मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

शिंगे किंवा कातडे आठवण म्हणून अंबाजोगाईला आणण्याचा विचारही करू नये. आपल्याकडे रोही संरक्षित असल्याने, हे टेक्सासातले आहे, हे पटवून देता देता नाकी नऊ येतील.

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यातील शेतकरी. रोही आणि हरणांनी हरभरा ठेवलेला नाही. परदेशात शिकारी शेतमालकाला पैसे देतात, तर आम्ही पुण्या-हैदराबादचे हौशी शिकारी बोलावून दर का आकारू नये?

उत्तर : आपला संताप समजतो, पण हा धंदा आपल्याकडे होऊ शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. रोही व रानडुक्कर उभ्या पिकाचे नुकसान करीत असतील, तर याच कायद्याच्या ११ व्या कलमानुसार अधिकृत वनाधिकारी कारणे नोंदवून मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. तथापि, अशा परवानगीने मारलेले जनावर ३९ व्या कलमानुसार सरकारची मालमत्ता ठरते. मांस नाही, शिंगे नाहीत, मग पाहुणा पैसे कशाचे देणार? बिहारने २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून रोही मारवले, तेही केंद्राच्या अधिसूचनेनंतर, सरकारी आदेशाने. त्यात हौशी पाहुण्यांना वाव नव्हता. निजामाच्या अमलात आपल्या भागातही मचाण बांधून, हाका घालून बड्या लोकांसाठी शिकारी होत असत आणि हाक्याला गेलेल्या गावकऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नसे, हेही आठवावे. पंचनामा करून भरपाईचा अर्ज वनविभागाकडे तातडीने द्यावा. कुंपणात थेट विजेचा प्रवाह मात्र कदापि सोडू नये. मंजूर झटका यंत्र वेगळे आणि खांबावरून ओढलेली तार वेगळी. त्या तारेने रोह्याआधी शेजारी मेल्याची उदाहरणे आहेत.

प्रश्न : माझा जावई कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. तेथे वाटाड्या लागतोच का? (नांदेडहून एक वाचक भगिनी)

उत्तर : कायद्याने लागत नाही. टेक्सासच्या उलट, कोलोरॅडोत सरकारी जंगल विपुल असल्याने स्वतः जाणे तेथे खरोखर स्वस्त पडते. राज्याचा रहिवासी असलेल्याला एल्कचा परवाना शंभर डॉलरच्या आत मिळतो, बाहेरच्याला सुमारे आठशे पडतात. वाटाड्यासह आठवड्याच्या सहलीला मात्र सहा ते दहा हजार. (शेजारच्या वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला राखीव निबिड अरण्यात वाटाडा किंवा तसा परवाना असलेला स्थानिक सोबती सक्तीचा आहे, आणि अलास्कात अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला प्रत्येक मोठ्या जनावरासाठी, जावयाचे बेत बदलले तर हे लक्षात ठेवावे.) स्वतः गेलेल्यांपैकी बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात, म्हणून परवान्याचा खर्च दोन-तीन हंगामांवर विभागूनच मोजावा.

खरी अडचण गोळी लागल्यानंतरची असते. तीन हजार मीटर उंचीवर, गाडीपासून सात-आठ किलोमीटर आत पडलेल्या नर एल्कचे हाडांविना ९० किलोच्या आसपास मांस असते, आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे तेथे गुन्हा आहे. दोघांना पाठीवरून ते उतरवायला दोन दिवस लागतात. यावर एक मधला मार्ग आहे : नोंदणीकृत व्यावसायिक आपल्या घोड्यांवरून सामान व तंबू आत पोहोचवतात, वाटाड्या न ठेवता परत जातात आणि ठरल्या दिवशी पुन्हा येतात. याचा दर पूर्ण सहलीच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि ज्याला डोंगर चढण्याची सवय आहे पण रानाची ओळख नाही, त्याला मी हाच मार्ग सुचवीन. फक्त, शिकार झाल्यावर मांस उतरवण्यासाठी येणाऱ्या घोड्यांचे पैसे दरात धरलेले आहेत की प्रत्येक फेरीला वेगळे द्यावे लागतील, हे जावयाने करारात लिहून घ्यावे.