पहिला जॉब थोडा जाडच काढा

प्रश्न : विट्याला आमचं वडिलांच्या वेळेपासूनचं साध्या लेथचं वर्कशॉप आहे. मी नुकतंच 165 मिलिमीटर चकचं, फानुक कंट्रोलचं जुनं सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं) लेथ घेतलंय. तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीचे ब्लोअर चालतात, त्यांच्या पिनांचं काम मिळतंय. इएन 8 पोलादाचा 25 मिलिमीटर व्यासाचा ब्राइट बार, त्यावर 45 लांबीत 20 व्यास, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शाफ्टचा एच 7, मागे 6 ची कॉलर. साधा लेथ मला येतो. पण बटण दाबल्यावर मशीन आपलं आपण पळायला लागलं की छातीत धस्स होतं. पहिला जॉब काढायचा कसा?
– एक वाचक, विटा

उत्तर : धस्स होतंय ते होऊ द्या. कुपवाडच्या एमआयडीसीत मी पोरांना सेटिंग शिकवतो. ज्यांना भीतीच वाटत नाही, त्यांच्या मशीनजवळ मी जास्त वेळ थांबतो.

बार चकच्या बाहेर किती ठेवायचा हे आधी ठरवा. 45 लांबी, 6 कॉलर, पार्टिंग टूलचे (पिन बारपासून कापून काढणाऱ्या टूलचे) 3 आणि टूल चकच्या जॉला लागू नये म्हणून आणखी 6, असे 60 झाले. 25 व्यासाच्या अडीच पटीच्या आत आहे, टेलस्टॉक लागत नाही. तिपटीच्या पुढं गेलात की टोक टूलपासून मागं सरतं, टोकाकडं व्यास जास्त येतो आणि दोष बिचाऱ्या मशीनवर जातो.

मग ऑफसेट, म्हणजे टूलचं टोक कुठं आहे ते मशीनला सांगणं. फेसला, म्हणजे बारच्या तोंडाला, हलका कट घ्या आणि झेड (बारच्या लांबीची दिशा) शून्य द्या. एक्ससाठी (व्यासाच्या दिशेसाठी) बारवरून पातळ कट मारा, टूल फक्त झेडमध्ये बाहेर काढा, एक्सला हात लावू नका, स्पिंडल थांबवून व्यास मोजा. आलेला आकडा, समजा 24.62, पडद्यावर जॉमेट्रीच्या पानावर त्या टूलपुढं घालून मेजर दाबा. हे प्रत्येक टूलला करायचं. फेसिंग करताना मधोमध बारीक बोंडी उरली, तर टूल सेंटरला नाही. ते आधी दुरुस्त करा, ऑफसेटनं ते झाकत नाही.

साध्या लेथवरून आलेल्या माणसाला दोन गोष्टी नडतात. इथं एक्स म्हणजे व्यास. एक्समध्ये 1 मिलिमीटर कमी केलात तर एका बाजूनं अर्धाच उतरतो. दुसरी गोष्ट टिंबाची. बऱ्याच फानुक मशीनवर X20 लिहून टिंब विसरलात तर कंट्रोल ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश) समजतं, आणि टूल सुसाट सेंटरकडं निघतं. म्हणून X20. असंच लिहायचं. प्रोग्रॅम टाइप झाला की दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही कागदावर टिंबं तपासा. घरच्या शाळकरी पोरालाही हे जमतं.

कापायचा वेग मिनिटाला 120 मीटरचा धरा. 25 व्यासाला मिनिटाला साधारण 1530 फेरे येतात. कार्बाइड इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) याहून जास्त सोसतं, पण पहिल्या दिवशी घाई कशाला? G96 (कापायचा वेग कायम ठेवणारी आज्ञा) वापरणार असाल तर त्याच्या आधी G50 S2000 (फेऱ्यांना 2000 ची हद्द) हवंच. नाहीतर फेसिंगला टूल मध्याकडं सरकेल तसे फेरे वाढत मशीनच्या कमाल मर्यादेपर्यंत जातात, आणि चकमधला बार कसा धरलाय याची परीक्षा तिथं होते. पार्टिंगला G97 (फेरे कायम ठेवणारी आज्ञा) करून 600 च्या आसपास फेरे बांधून टाका.

आता धडकेचं. G54 च्या (जॉबचं शून्य कुठं ते सांगणाऱ्या नोंदीच्या) झेडमध्ये 100 वाढवा. मागं तेवढी जागा आहे ना, ते आधी बघून घ्या. मग सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) लावून, रॅपिड (न कापतानाची धाव) 25 टक्क्यांवर ठेवून सगळा प्रोग्रॅम हवेत चालवा. टूल बारच्या 100 पुढं तोच नाच करतं. नीट झालं की ते 100 काढा. हे काढायला विसरणारे पुष्कळ भेटतात. खऱ्या जॉबला एक बोट फीड होल्डवर (टूल थांबवायच्या बटणावर) ठेवा. टूल बारच्या जवळ आलं की होल्ड दाबून पडद्यावर डिस्टन्स टू गो (त्या ओळीत उरलेलं अंतर) वाचा. तिथं झेड 40 राहिलंय आणि डोळ्यांना टूल फेसपासून 10 वर दिसतंय, तर पुढं जायचं नाही. आकडा आणि डोळा जुळले तरच परत सायकल स्टार्ट. प्रत्येक टूलच्या पहिल्या येण्याला हे करा.

आता तुमचा खरा प्रश्न, मापाचा. 20 च्या एच 7 ला वरची हद्द 20.000 आणि खालची 19.979. सगळी मिळून 21 मायक्रॉनची मोकळीक. साध्या व्हर्नियरचा सर्वात लहान भागच 20 मायक्रॉनचा, म्हणजे व्हर्नियरनं ही पिन मोजणं म्हणजे अंदाज करणं. मायक्रोमीटर घ्या, तोंडं पुसा, बंद करून शून्य बघा.

प्रोग्रॅममध्ये 20 लिहू नका, मधलं माप 19.99 लिहा. रफिंगनं (आधीच्या जाड कटांनी) व्यासावर 0.50 ठेवायचे, म्हणजे बार 20.49 ला येतो. आता फिनिशिंग टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (मापाच्या बारीक दुरुस्तीच्या आकड्यात) एक्सला 0.25 अधिक घाला आणि फिनिशिंग चालवा. पिन 20.24 ला यायला हवी. पार्टिंगच्या आधी M01 टाकलेला असेल आणि पॅनेलवर ऑप्शनल स्टॉप चालू असेल, तर मशीन तिथं थांबतं. थांबलं की पिन चकमध्येच असताना मोजा. पार्टिंग झाल्यावर ती परत धरून तेवढ्या अचूकतेनं सेंटरला आणणं या चकमध्ये जमणार नाही.

समजा 20.28 आली. हवंय 19.99, म्हणजे 0.29 उतरायचंय. वेअरमध्ये 0.25 होते, त्यातून 0.29 वजा. वेअर आता उणे 0.04. फिनिशिंग टूलवर परत या. पण मधल्या ओळीवर नाही, जिथं टूल बोलावलंय, G50, G96 आणि M03 आहेत तिथून सुरू करा. आणि पुन्हा चालवा.

0.25 च का, हे बरेच सेटर सांगत नाहीत. पहिला फिनिश 20.49 वरून 20.24 ला गेला, दुसरा तिथून 19.99 ला. दोन्ही वेळा कट जवळपास तेवढाच. कट सारखा असेल तर टूल आणि बार एकमेकांना ढकलतात तेही सारखंच, म्हणून पहिल्या वेळी जेवढी चूक आली तेवढीच दुसऱ्या वेळी येईल, आणि ती तुम्ही आधीच वजा केलीय. काहीजण मोठं माप ठेवून शेवटी मिलिमीटरच्या दोन शतांशाचा कट घेतात. तेवढ्या पातळ कटात इन्सर्टची धार कापत नाही, घासते. पिन चमकते पण माप लहरी येतं. वडिलांना विचारा, साध्या लेथवर तेही शेवटी सारखे दोन कट ठेवत असणार. ज्या जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथल्या जुन्या टर्नरला हे मी काय शिकवणार!

माप बसलं की तो वेअर तसाच ठेवा आणि दुसरी पिन एका दमात काढून बघा. एकाच फिनिश कटात ती 0.50 उतरेल, दाब जरा वाढेल, चार-पाच मायक्रॉनची दुरुस्ती लागू शकते. नाहीतर प्रोग्रॅममध्येच फिनिशचे दोन कट ठेवून द्या. पिनेमागं काही सेकंद जास्त जातील. तुमच्यासारख्या छोट्या ऑर्डरला मी तेच करीन.

प्रश्न : सकाळचा पहिला जॉब बरोबर येतो, दुपारपर्यंत व्यास चढत जातो. मशीनचा बॉल स्क्रू गेला का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : लगेच स्क्रूवर जाऊ नका, उघडायचा खर्च कळला की झोप उडेल. सावकाश, एकाच दिशेनं चढतंय तर आधी इन्सर्ट बघा. टोक 10 मायक्रॉन झिजलं की व्यास 20 नं वाढतो. कोपरा बदलून माप परत जागेवर आलं तर प्रश्न मिटला.

नंतर उष्णता. 20 व्यासाची स्टीलची पिन 20 अंशांनी गरम असेल तर जवळपास 5 मायक्रॉन जाड दिसते, मेजवर गार झाली की कमी भरते. सगळ्या पिना एकाच तापमानाला मोजा. सकाळी मशीन जॉब न धरता पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल आणि दोन्ही अक्ष हलवत गरम करून घ्या.

आणि दर जॉबला ऑफसेट हलवू नका. एक जॉब 4 मायक्रॉन वर गेला म्हणून खाली ओढायचा, पुढचा खाली गेला म्हणून वर, असं केलं की मशीनची चूक आणि तुमची चूक यांची बेरीज होते. चार-पाच जॉब ओळीनं एका बाजूला सरकले की मगच हलवा.

प्रश्न : मी आयटीआयची विद्यार्थिनी. सरळ सीएनसी शिकले तर चालेल का? घरचे म्हणतात, आधी साधा लेथ.
– एक वाचक, कराड

उत्तर : चालेल. पण साध्या लेथवर एक महिना तरी उभी राहा. कट जास्त झाला की आवाज कसा बदलतो, चिप निळी कधी पडते, जॉब चकमध्ये सैल असला की काय होतं, हे तिथं कानाला आणि नाकाला कळतं. सीएनसीचं दार बंद असतं, पण आवाज काचेतूनही येतो.

प्रश्न : लांब चिप टूलला गुंडाळते, काढताना हात कापतो. हातमोजे घालून काढू का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : फिरत्या चकजवळ हातमोजे नकोतच, मोजा अडकला की मागोमाग हात जातो. आधी चिप तुटेल असं करा. फीड 0.1 वरून 0.2 ला नेऊन बघा, इन्सर्टवरचा चिप ब्रेकर तुमच्या कामाचा आहे का ते दुकानदाराला विचारा. उरलेल्यासाठी जाड तारेचा, मूठ असलेला हूक करून घ्या. स्पिंडल थांबल्यावरच तो आत घाला.