ईस्टरनंतरचा मंगळवार : वाचकांचे प्रश्न

ईस्टरनंतर नागपूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : पहाटेच्या उपासनेला आम्ही सगळं घर जातो. "प्रभू उठला आहे" म्हणताना खरंच भरून येतं. पण मंगळवार उजाडेपर्यंत सगळं ओसरलेलं असतं. मुलांवर तीच चिडचिड, मनात तोच कोरडेपणा. माझा विश्वास खोटा आहे का?
— एक भगिनी, मेकोसाबाग

खोटा नाही. चूक वेगळ्याच जागी आहे, आणि ती तुमच्या एकटीची नाही. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आपण मोजून पाळतो: उपवास, मांसाहार बंद, शुक्रवारच्या प्रार्थना. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस मात्र कुणी मोजत नाही. पहिल्या शतकांतल्या मंडळीला पुनरुत्थानदिनापासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे) सगळे दिवस मिळून एकच सण होता. त्या दिवसांत उपवास नसायचा, आणि प्रार्थना गुडघे न टेकता उभं राहून करायची. उभं राहण्याचा हा रिवाज निकया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने 325 साली नियम म्हणून लिहूनही ठेवला. उठलेल्या प्रभूची माणसं उठून उभी राहतात, एवढाच त्याचा अर्थ. तुम्हीही हे पन्नास दिवस उभं राहूनच प्रार्थना करून बघा. शरीराला जे कळतं ते मनाला सावकाश कळत जातं.

2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला आणि पेन्टेकॉस्ट 24 मेला येतो. म्हणजे ऊन चढायला लागतं तिथपासून नवतपा, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर येईपर्यंत. तुमच्या चिडचिडीतला काही भाग उकाड्याचा आणि अपुऱ्या झोपेचा आहे, त्याला पापाचं नाव देऊ नका. उरलेल्या भागासाठी हे करा.

मत्तय 28, मार्क 16, लूक 24, योहान 20 आणि 21, आणि करिंथकरांस पहिले पत्र 15. या सहा अध्यायांत मिळून 207 वचनं आहेत. पहिले त्रेचाळीस दिवस रोज चार आणि शेवटच्या आठवड्यात रोज पाच घेतली की पन्नासाव्या दिवशी बरोबर संपतात. सकाळी पाणी भरून झाल्यावर, कूलर बंद करून (त्या आवाजात शब्द कानात शिरत नाहीत), ती चार वचनं मोठ्याने दोनदा वाचा. मग एकच वाक्य म्हणा: "प्रभू, आज मला अमुक ठिकाणी उठव." त्या 'अमुक'च्या जागी दिवसातली नेमकी वेळ घाला. 'माझा स्वभाव बदल' ही प्रार्थना हवेत राहते. 'मुलांना सकाळच्या शाळेला काढतानाची वीस मिनिटं' असं म्हटलं की ती वीस मिनिटं आली की आठवण होते. हृदय एकदम नवं होत नाही, असं एकेका जागी होत जातं. रात्री निजण्यापूर्वी दोन मिनिटं त्याच जागेकडे परत बघा. चुकलं असेल तर मुलाची माफी त्याच दिवशी मागा. रागावर सूर्य मावळू देऊ नका असं इफिसकरांस पत्रात सांगितलं आहे, ते आईलाही लागू आहे.

हे बहुतेक तीन कारणांनी मोडतं. पहिल्या दिवशी उत्साहाने अख्खा अध्याय वाचला जातो आणि चौथ्या दिवशी काहीच नाही. मग राहिलेले दिवस भरून काढायचा हट्ट येतो, बाकी वाढत जाते आणि पुस्तक मिटतं. राहिलेलं सोडून द्या, आजची चार वचनं घ्या. तिसरं कारण जास्त खोल आहे: आपण डोळ्यांत पाणी आलं की नाही यावर वाचन मोजतो. मार्कच्या शुभवर्तमानात त्या स्त्रिया कबरेपासून थरथरत पळाल्या आणि भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत. मत्तयात तर प्रभूला नमन करतानाच काहींना संशय आला. हे सगळे पुनरुत्थानाच्या पहिल्या साक्षीदारांपैकी आहेत, आणि त्यांच्यात तुमच्या कोरड्या मंगळवारलाही जागा आहे. साधारण चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो. तिथे थांबू नका, कारण या हिशेबाने तिसाव्या दिवशी थोमा भेटतो, जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य.

प्रश्न : मिहानमधल्या ऑफिसात माझे मित्र हिंदू आणि बौद्ध आहेत. ते विचारतात, हे पुनर्जन्मासारखंच ना? मी म्हणतो, आत्मा अमर आहे. पण मलाच ते अपुरं वाटतं.
— एक तरुण वाचक, सदर

अपुरं वाटतं ते योग्यच आहे. बौद्ध मित्रांना तर नित्य आत्मा ही कल्पनाच मान्य नसते, त्यामुळे तिथून सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच थांबेल. आणि ख्रिस्ती श्रद्धेचं केंद्रही ते नाही. विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, आपण शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असं म्हणतो. शब्द पाठ असल्यामुळे तिकडे लक्ष जात नाही इतकंच.

पुनर्जन्मात शरीर दुसरं, आयुष्यही दुसरं. येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर उठला तो त्याच शरीरात, पुन्हा कधीतरी मरण्यासाठी. तो बाहेर आला तेव्हा प्रेतवस्त्रं त्याच्या अंगावर होती, इतरांना ती सोडावी लागली. येशूच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रं मागेच पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. योहान हे दोन्ही प्रसंग इतक्या बारकाईने लिहितो, कारण त्याला फरक दाखवायचा आहे. उठलेला येशू बंद दारांच्या आत येतो, म्हणजे शरीर बदललेलं आहे. तो भाजलेला मासा खातो आणि जखमा दाखवतो, म्हणजे तो तोच आहे.

प्रेषित पौल यासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात बियाण्याचा दाखला देतो. आपल्या विदर्भात तो सरकीवरून सांगावा. सरकी आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं बी आणि झाड, दिसायला एक नाहीत. पण सरकीतून पऱ्हाटीच येते, बाभूळ येत नाही. पौलाने हे 55 सालाच्या सुमारास, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानानंतर साधारण पंचवीस वर्षांनी लिहिलं. पाचशेहून अधिक जणांना प्रभू दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो तिथेच सांगतो. ज्याला शंका आहे त्याने जाऊन विचारावं, असा तो सूर आहे.

आता रोजच्या जगण्याचं. शरीर शेवटी टाकूनच द्यायचं असेल तर माणूस एक तर त्याची हेळसांड करतो, नाहीतर खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे, असं म्हणतो. पौल दुसऱ्या वाक्याचा त्याच अध्यायात समाचार घेतो. शरीर उठणार असेल तर म्हाताऱ्या वडिलांना अंघोळ घालणं, स्वतःची झोप, जेवण, व्यसन हे सगळं देवाच्या कामाचं होतं. आणि अठ्ठावन्न वचनांच्या त्या भल्यामोठ्या अध्यायाचा शेवट बघा, तो स्वर्गाच्या वर्णनाने होत नाही. प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, असं पौल म्हणतो आणि थांबतो. ऑफिसात ज्या आकड्यात फिरवाफिरव करायला सांगितलं आणि तुम्ही केली नाही, तेही त्या श्रमांत आलं. मित्रांना हे सांगा, पण जिंकण्यासाठी नको. त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून आधी पूर्ण ऐका.

प्रश्न : मालक जाऊन सहा महिने झाले. मंडळीतल्या बायका म्हणतात, "विश्वासू आहेस ना, मग रडतेस कशाला? ते प्रभूजवळ आहेत." मला रडूही येतं आणि रडल्याचा अपराधही वाटतो.
— एक ताई, मोहननगर

ताई, रडा. लाजर वारल्यावर येशू त्याच्या बहिणीला, मार्थेला म्हणाला, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." त्यानंतर दहाच वचनांवर लिहिलं आहे: येशू रडला. लाजराला थोड्या वेळात उठवायचं आहे हे ठाऊक असूनही तो रडला. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल लिहितो ते आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं. शोकच करू नका असं तो कुठेही म्हणत नाही. पुन्हा कुणी बोललं तर वाद घालू नका, "येशूपण रडला होता" एवढंच म्हणा.

कबरेवर जावंसं वाटलं तर उन्हाआधी, सकाळी सातच्या आत जा. पाण्याची बाटली आणि सोबतीला एक शांत माणूस असू द्या. योहान 20 मधली 11 ते 18 ही आठ वचनं तिथे वाचा. कबरेपाशी रडणाऱ्या मरीया मग्दालीयेला प्रभू समोर उभा असूनही ओळखू आला नाही, माळीच वाटला. नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखलं. डोळे भरलेले असताना प्रभू दिसत नाही म्हणजे तो तिथे नाही असं नसतं. दर रविवारी गेलंच पाहिजे असं मात्र ठरवू नका, आणि त्यांचे कपडे वाटून टाकायची घाईही करू नका.

लग्नाचा वाढदिवस, त्यांचा जन्मदिवस, नाताळ आणि वर्षश्राद्धाऐवजी आपल्याकडे होते ती स्मरणप्रार्थना: या तारखा कॅलेंडरवर आधीच लिहा आणि प्रत्येक तारखेला कोण सोबत असेल ते ठरवून ठेवा. दुःख अशा दिवशी अचानक गाठतं, तारीख माहीत असली की निदान एकटं गाठत नाही. आणि जेवण जात नसेल, झोप उडालेली असेल, जगूच नये असं वाटत असेल, तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला. तिथे बोलणं हा अविश्वास नाही.

मोहननगरातल्या त्या बायकांनाही एक विनंती. उपदेश थोडे दिवस बाजूला ठेवा आणि डबा घेऊन जा. बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागते. त्या रांगेत ताईंसोबत उभं राहणारी एक जण पुष्कळ आहे.

प्रश्न : वडिलांच्या घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी चार वर्षं बोलणं नाही. दोघं एकाच चर्चला जातो, वेगवेगळ्या बाकांवर बसतो. क्षमा म्हणजे माझा हिस्सा सोडायचा का?
— एक वाचक, गड्डीगोदाम

नाही. क्षमा आणि हक्कसोडपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र केल्या की दोन्ही बिघडतात: हिस्सा सोडणारा मनात धुमसत राहतो, आणि न सोडणारा प्रार्थनेपासून दूर जातो.

येशूचा शिष्य पेत्र याचं बघा. महायाजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकताना त्याने येशूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशूने पुन्हा कोळशांचाच विस्तव पेटवला, त्यावर मासे ठेवले, आधी जेवू घातलं आणि मग तीन वेळा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?" तीन नाकारण्यांसमोर तीन प्रश्न. प्रभू जखम झाकत नाही, तिच्याच जागी परत नेतो. मात्र आधी न्याहारी.

म्हणून जाताना कागदपत्रं नेऊ नका. सण, लग्न, बारसं असे दिवस टाळा, लोकांसमोर कुणालाच माघार घेता येत नाही. साध्या दिवशी, फोन करून, एकटे जा, आणि वीस मिनिटांच्या वर बसू नका. आदल्या दिवशी एका कागदावर फक्त तुमच्या चुका लिहा: काय बोललात, कुणासमोर, केव्हा. भावाच्या चुकांचा कागद लिहावासा वाटेल, तो लिहून घरीच ठेवा. पहिलं वाक्य त्या पहिल्या कागदातलं असू द्या. "तुला वाईट वाटलं असेल तर" असं म्हणू नका, त्यातल्या 'तर'मुळे सगळं फुकट जातं. "त्या दिवशी वहिनींसमोर मी तुम्हांला चोर म्हणालो, ते चूक होतं," असं सरळ बोला. उत्तर आलं नाही तरी चालेल. चहा घेतला तर घ्या आणि निघा.

वाटणीचं बोलणं किमान महिनाभराने, दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसासमोर आणि वकिलाच्या सल्ल्याने करा. पाळकांना साक्षीला बोलवा, हिशेबाला नको. आणि मागे मारहाण किंवा धमकी झाली असेल तर एकट्याने जाऊच नका. अशा ठिकाणी मनातली क्षमा आणि बाहेरचं अंतर, दोन्ही एकाच वेळी ठेवता येतं.

प्रश्न : रविवारी सकाळी ड्युटीवरून येतो तेव्हा उपासना अर्धी झालेली असते, आणि बसलो तर झोप लागते. माझा रविवार कसा पाळू?
— रेल्वे कर्मचारी, अजनी

पहिल्या पुनरुत्थानदिनाचा अर्धा भाग संध्याकाळचाच आहे. दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला चालले होते. साठ स्टेडिया, म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास: सीताबर्डीहून निघून खापरीच्या जवळ पोचावं तेवढं. दिवस कलल्यावर जेवायला बसले तेव्हा भाकर मोडताना त्यांनी प्रभूला ओळखलं, आणि त्याच रात्री उलट पावली परत गेले.

सकाळी घरी येऊन सरळ झोपा, ओढूनताणून बसू नका. संध्याकाळी उठल्यावर, जेवणाआधी, घरच्यांसोबत लूक 24 मधली 13 ते 35 वचनं मोठ्याने वाचा. पाच मिनिटं लागतात. मग पोळीचा पहिला तुकडा मोडताना आभार माना. हे प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) नव्हे, त्यासाठी संध्याकाळची उपासना कुठल्या रविवारी असते ते पाळकांना विचारा आणि रोस्टर हातात आलं की त्यांना लगेच कळवा. तुमच्यासारखे तिघे-चौघे निघाले, तर महिन्यातून एकदा कॉलनीतच कुणाच्या घरी प्रभुभोजन ठेवता येईल का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.