दिवाळं निघालेल्यांच्या वकिलाला पैसे कोण देतं?

नमस्कार ताई,

अमेरिकेत वाढलेली तुमची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लॉ स्कूलला अर्ज करते आहे. उन्हाळ्यात एका मोफत कायदा सल्ला केंद्रात काम केल्यापासून तिने 'बँकरप्सी लॉयरच (दिवाळखोरीची प्रकरणं हाताळणारी वकील) होणार' असं धरलं आहे. तुमचे यजमान म्हणतात, ज्यांचं दिवाळं निघालंय त्यांच्या जिवावर हिचं पोट कसं भरणार? तुमचा प्रश्न वेगळा आहे: हे काम म्हणजे लोकांना कर्ज बुडवायला हात देणंच ना? आणि शेवटी, लॉ स्कूलआधी तिने एक वर्ष नोकरी करावी का, असंही तुम्ही विचारलं आहे.

यजमानांचा प्रश्न आधी घेते, तो रोकडा आहे. चॅप्टर ७, म्हणजे दिवाळखोरी कायद्याचं सातवं प्रकरण: विकण्याजोगं असेल ते विकून उरलेली बहुतेक कर्जं माफ होण्याचा मार्ग. यात वकील फी साधारणपणे अर्ज दाखल करण्याआधीच घेतो. 'नंतर द्या' म्हटलं, तर थकलेली फी हेही अर्जाआधीचं एक कर्ज ठरतं आणि इतर कर्जांबरोबर पुसलं जातं. ट्रस्टी म्हणजे कर्जदाराची मालमत्ता ताब्यात घेऊन घेणेकऱ्यांना वाटणारा माणूस; त्याच्या ताब्यातल्या मालमत्तेतून कर्जदाराच्या वकिलाला सहसा काही मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे दिवाळखोरी जाहीर करायलाही माणसाला आधी पैसे साठवावे लागतात. नुसती कोर्टाची फी ३३८ डॉलर आहे. चॅप्टर १३ मध्ये कर्जदार तीन ते पाच वर्षं ट्रस्टीकडे हप्ते भरतो, तिथे वकिलाची बरीचशी फी त्या हप्त्यांतूनच येते. चॅप्टर ११ (धंदा चालू ठेवून कर्जांची नवी मांडणी) आणि १२ (शेतकऱ्यांसाठीचा) यांत आगाऊ रक्कम घेतली तरी बिलावर न्यायाधीशाची मंजुरी लागते. थोडक्यात, पोट भरतं. गडगंज पैसा आहे तो मोठ्या कंपन्यांच्या चॅप्टर ११ मध्ये, न्यूयॉर्क, डेलावेअर, ह्यूस्टन इथल्या कोर्टांत. सल्ला केंद्रात रमलेल्या मुलीच्या डोळ्यांसमोर ते असेल असं मला वाटत नाही.

आता तुमचा प्रश्न. दिवाळखोरीचे कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, थेट राज्यघटनेने दिला आहे. ही मागच्या दाराने आलेली पळवाट नव्हे. आजचा कायदा १९७८ चा. त्यातला सौदा असा की कर्जदाराने सगळं उघडं करायचं: खाती, गाडी, दागिने, कुणाकडून येणं असलेले पैसे, कुणाला दिलेली भेट. त्या बदल्यात अर्ज दाखल होताच घेणेकऱ्यांचा तगादा, पगारातली कपात, घराचा लिलाव, हे बहुतेक सगळं त्याच क्षणी थांबतं. मुलांच्या संगोपनाची रक्कम, पोटगी, अलीकडचा आयकर, फसवून घेतलेलं कर्ज, यांतून सुटका नाही. विद्यार्थी कर्जासाठी वेगळा दावा लावून असह्य हलाखी सिद्ध करावी लागते. आणि मालमत्ता जाणूनबुजून लपवली तर तो फेडरल गुन्हा आहे. अर्जावर वकिलाचीही सही असते, म्हणजे 'मी वाजवी चौकशी केली आहे' अशी त्याची हमी. कर्जबुडव्यांच्या साथीदाराकडून असली हमी कुणी मागत नाही.

टीव्हीवरच्या मालिकांमुळे वकील म्हणजे कोर्टात टेबलावर हात आपटणारा माणूस, असं मुलांना वाटतं. या शाखेत निम्म्याहून जास्त कसब अर्ज दाखल होण्याआधीच खर्ची पडतं, आणि तेही प्रश्न विचारण्यात. उदाहरण देते. एखाद्याने क्रेडिट कार्डांची देणी भागवायला निवृत्तीचं ४०१के खातं रिकामं केलं आणि मग तो वकिलाकडे आला. ते पैसे दिवाळखोरीत सहसा सुरक्षितच राहिले असते, आणि कार्डांची देणी माफ झाली असती. दुसऱ्याने गेल्या सहा महिन्यांत भावाचे उसने पैसे इमानदारीने परत केले. नातेवाइकाला वर्षभरात केलेली अशी परतफेड ट्रस्टी त्या भावाकडून वसूल करू शकतो, कारण बाकीचे घेणेकरी ताटकळत असताना एकाचंच भागवलं गेलं. तिसऱ्याने 'वाचेल' म्हणून गाडी बहिणीच्या नावावर केली, ती तर थेट फसवणुकीच्या संशयात जाते. हे आधी कळलं तर चांगला वकील 'आज अर्ज नको' म्हणतो. कधी तीन महिने थांबायला सांगतो, कारण चॅप्टर ७ साठीची मिळकतीची चाचणी आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीवर चालते, आणि नोकरी नुकतीच गेली असेल तर ती सरासरी महिन्यागणिक खाली येते. घराचे हप्ते थकले असतील आणि पगार चालू असेल, तर चॅप्टर १३ घेऊन थकबाकी काही वर्षांत वाटून घर वाचवता येतं. काही वेळा तर अर्जाची गरजच नसते: ज्याचं उत्पन्न फक्त सोशल सिक्युरिटीचं (सरकारी निवृत्तिवेतनाचं) आहे आणि नावावर काही नाही, त्याच्याकडून खाजगी घेणेकऱ्यांना फारसं काही वसूलच करता येत नाही. अशाला फी न घेता घरी पाठवणारा वकील मला भरवशाचा वाटतो.

छोट्या व्यावसायिकांचा गुंता बहुधा एका सहीत असतो. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली म्हणजे धंद्याचं कर्ज आपल्या अंगावर येत नाही, अशी समजूत असते. पण बँकेने आणि जागामालकाने वैयक्तिक हमी लिहून घेतलेली असते. चॅप्टर ७ मध्ये कंपनीला कर्जमाफी मिळतच नाही, ती फक्त व्यक्तीला मिळते. म्हणून धंदा आणि मालक अशा दोन वेगळ्या आजारांचं निदान करावं लागतं. धंदा जगण्यासारखा असेल, तर २०२० पासून चॅप्टर ११ चं पाचवं उपप्रकरण आहे. त्यात सहसा घेणेकऱ्यांची समिती नसते, योजना मांडायचा हक्क मालकालाच, ती ९० दिवसांत मांडायची, आणि पुढची तीन ते पाच वर्षं उरेल ती मिळकत देऊन मालकी टिकवता येते. कोविडच्या काळात यासाठी कर्जाची मर्यादा ७५ लाख डॉलर केली होती. जून २०२४ मध्ये ती सवलत संपली, आणि एप्रिल २०२५ पासून मर्यादा ३४,२४,००० डॉलर आहे. असे आकडे सतत बदलतात. ज्याला ते तपासत राहण्याचा कंटाळा, त्याने या वाटेला जाऊ नये.

शेतकऱ्यांचा चॅप्टर १२ मला या कायद्यातला सगळ्यात विचारपूर्वक घडवलेला भाग वाटतो. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढले, निर्यात वाढली, शेतकऱ्यांनी जमीन तारण ठेवून भरपूर कर्जं काढली. पुढे व्याजदर भडकले, भाव पडले, आणि जमिनीची किंमत कर्जापेक्षा खाली गेली. चॅप्टर ११ महागडा आणि मोठ्या कंपन्यांच्या मापाने शिवलेला. चॅप्टर १३ ची कर्जमर्यादा तेव्हा इतकी कमी होती की बऱ्याच शेतकऱ्यांना ती पुरायचीच नाही. म्हणून १९८६ मध्ये काँग्रेसने तात्पुरता चॅप्टर १२ आणला. मुदतवाढी मिळत मिळत २००५ मध्ये तो कायमचा झाला. आज १,२५,६२,२५० डॉलरपर्यंत कर्ज असलेलं शेतकरी कुटुंब तो वापरू शकतं, मात्र निम्मं तरी कर्ज शेतीचंच असावं लागतं.

यात वकील नेमकं काय करतो? जमिनीची आजची किंमत कर्जापेक्षा कमी असेल, तर तारण कर्ज त्या किमतीपर्यंत खाली आणता येतं, आणि उरलेलं बिनतारणी कर्जांच्या रांगेत जातं. परतफेड योजनेच्या पाच वर्षांपलीकडे लांबवता येते. हप्ता महिन्याचाच हवा असं नाही: धान्य पिकवणाऱ्याचा सुगीनंतर, दूधवाल्याचा दुधाच्या चेकप्रमाणे. करांचीही एक गोष्ट आहे. कर्ज हलकं करायला योजनेच्या काळात थोडी जमीन विकली, तर नफ्यावरचा कर पूर्ण भरायचा की तो इतर देण्यांबरोबर घटू शकतो? २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल शेतकऱ्यांच्या विरोधात गेला, आणि २०१७ मध्ये काँग्रेसने कायदा बदलून दिलासा दिला. शेतकऱ्याच्या वकिलाला पेरणीचं भांडवल कधी लागतं आणि साठवलेल्या धान्यावर कोणत्या बँकेचा बोजा आहे, हेही माहीत हवं. आयोवासारख्या राज्यात शेतजमिनीवर जप्ती आणण्याआधी सावकाराला मध्यस्थीला बसावं लागतं. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात आणि दिवाळखोरीचा अर्ज होतच नाही.

पण फक्त शेतकऱ्यांवर घर चालणार नाही. चॅप्टर १२ चे अर्ज देशभरात वर्षाला काहीशेच होतात. मुलीचा ओढा तिकडे असेल, तर शेतीच्या राज्यात राहून जोडीला चॅप्टर ७, १३ आणि छोट्या धंद्यांची कामं घ्यावी लागतील.

लॉ स्कूलची तीन वर्षं आणि त्या राज्याची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) हा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. त्यात तिने बँकरप्सीच्या विषयाबरोबर तारण कर्जांचा कायदा आणि आयकर हे दोन विषय सोडू नयेत. लॉ स्कूलनंतर एखाद्या बँकरप्सी न्यायाधीशाकडे क्लर्क (कायद्याच्या कामातला मदतनीस) म्हणून वर्ष-दोन वर्षं मिळाली, तर त्याहून चांगली तालीम नाही, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या वकिलांचे कागद हाताखालून जातात. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात या विषयाचं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) आहे, पण ते आत्ता ठरवायचं कारण नाही.

तिला एक विचारून बघा. केंद्रात तिला काय आवडलं, अशिलांच्या गोष्टी ऐकणं की त्यांच्या पिशवीतली बिलं, नोटिसा आणि पगाराच्या पावत्या लावून हिशेब जुळवणं? फक्त पहिलं असेल तर समाजकार्याचाही विचार करावा. दोन्ही आवडलं असेल तर यजमानांना सांगा की मुलीची निवड बरोबर दिसते. शरमेपोटी अर्धंच सांगणारा अशील रोज समोर येतो. त्याच्यावर न चिडता तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायची चिकाटीही लागेल.

नोकरीबद्दल: दिवाळखोरीचंच काम करणाऱ्या वकिलाकडे किंवा चॅप्टर १३ च्या ट्रस्टीच्या कार्यालयात पॅरालीगलची (वकिली कामातल्या मदतनिसाची) जागा मिळत असेल, तर वर्ष जरूर द्यावं. दुसऱ्या कुठल्या कामासाठी लॉ स्कूल लांबवू नये. लॉ स्कूलचे अर्ज पाठवण्याआधी तिने जवळच्या बँकरप्सी कोर्टात जाऊन एक सकाळ बसून यावं. सुनावण्या सर्वांना खुल्या असतात आणि दिवसाचं कामकाज कोर्टाच्या संकेतस्थळावर आधीच लागतं. चॅप्टर १३ ची प्रकरणं असलेला दिवस निवडायला सांगा.