मार लागल्यावर मांडीत दगडासारखी गाठ आली, तर काय करावं?

भाऊ, तुमच्या लहान भावाला कबड्डीत मांडीवर गुडघा बसला, तीन आठवड्यांत सूज उतरली पण आत टणक गाठ राहिली, अन् गावात कोणी तेलानं चोळायला सांगतं तर कोणी कॅन्सर म्हणतं, असं तुम्ही लिहिलंय. चोळणं आजच बंद करा.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले. माझा मुलगा 11 वर्षांचा असताना बैलबंडीवरून पडला, कोपर निखळलं. गावातल्या जाणत्यानं ते बसवून दिलं. पुढं पंधरा दिवस रोज संध्याकाळी मीच गरम जवसाच्या तेलानं चोळून त्याचा हात ओढायचो. पोरगा ओरडायचा, आणि मला वाटायचं, दुखतंय म्हणजे मोकळं होतंय. महिन्याभरात हात काटकोनात अडकला. घास तोंडापर्यंत जाईना.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. कोपराच्या पुढं, जिथं नुसता स्नायू असायला हवा, तिथं फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखा पांढरा पुंजका होता. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. माराने स्नायूत रक्त साकळतं आणि ते भरून येताना तिथं हाड तयार होऊ लागतं. चोळलं, जोरानं ताणलं की ते आणखी चिडतं.

पहिला एक्स-रे साफ आला असेल तरी पुन्हा काढा. हे हाड दिसायला 2 ते 4 आठवडे लागतात. सोनोग्राफीत त्याच्या आधीही दिसू शकतं. कॅन्सरचं म्हणाल, तर या गाठीत हाड कडेनं आधी पिकतं आणि मधला भाग कच्चा राहतो. हाडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा याच्या उलट असतं. सीटी स्कॅनमध्ये ती कड स्पष्ट दिसते. घाईनं तुकडा काढला, तर कच्चा भाग तपासणीत कॅन्सरसारखा भासू शकतो, म्हणून मार कोणत्या तारखेला लागला हे हाडाच्या डॉक्टरांना नक्की सांगा. मात्र गाठ वाढतच असेल किंवा रात्री झोपू देत नसेल, तर एक दिवसही थांबू नका.

उपचार म्हणजे बहुतेक धीर. आधी आराम, मग दुखणार नाही इतपत त्यानं स्वतःच हालचाल करायची. डॉक्टर इंडोमेथॅसिन हे सूज-दुखणं कमी करणारं औषध देऊ शकतात; पोटाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो, मेडिकलमधून परस्पर आणू नका. ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. लागलंच तर हाड पूर्ण पिकल्यावर, साधारण 6 ते 12 महिन्यांनी. कच्चं कापलं तर परत येऊ शकतं. माझ्या मुलाचं केलं नाही. वर्षभरात हात बराच उघडला, शेवटचा थोडा बाक राहिला तो राहिलाच.

आणि आज घरी गेल्यावर भावाच्या पायाचे अंगठे बघा. जन्मापासून आखूड आणि शेजारच्या बोटांकडे वळलेले असतील, तर डॉक्टरांना सर्वांत आधी ते दाखवा. लाखांत एखाद्यालाही नसणारा एक जनुकीय आजार आहे, त्यात स्नायूतलं इंजेक्शन, तुकडा काढणं, ऑपरेशन, सगळ्यानंच नवं हाड वाढू शकतं.