अल्पवयीन मुलावर गुन्हा दाखल झालाय, वकिलाआधी मीच त्याला सगळं विचारून घेऊ का?

नाही, घटनेबद्दल आत्ता खोदून विचारू नका. लगेच त्याच्यापाशी जा, वकील गाठा आणि तोवर जबाब द्यायचा नाही एवढंच सांगा. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, आईवडिलांशी झालेल्या बोलण्याला अनेक देशांत तसं संरक्षण नाही, उद्या तुम्हालाच साक्षीला बोलावू शकतात. आणि कृपा करून ‘कबूल कर, सोडतील’ असं म्हणू नका, घाबरलेलं पोर न केलेलंही कबूल करतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ४० कबुलीची सक्ती करायला मनाई करतं आणि सुनावणीला आईवडिलांनी हजर असावं असंही सांगतं. मात्र तक्रारदार घरातलाच असेल, तर मुलाच्या हितासाठी न्यायालय तुम्हाला बाहेर थांबवू शकतं.