दादांची बायपास झाली, आता ग्रुपने काय करायचं?

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. त्यांच्या रनिंग ग्रुपमधल्या दादांची महिन्यापूर्वी बायपास झाली. वय 54. यवतेश्वरचा घाट पळायला यांना दादांनीच शिकवलं. सगळे भेटून आले, ग्रुपवर रोज ‘लवकर परत या’चे मेसेज टाकले आणि मागच्या आठवड्यात दादा न सांगता ग्रुपमधून बाहेर पडले. वहिनी फोनवर तुटक बोलतात. दोघं-तिघं तर घरी जायचंच टाळतात. आता बेत असा की, सप्टेंबरच्या हिल हाफ मॅरेथॉनला सगळ्यांनी दादांचं नाव छापलेले टी-शर्ट घालायचे आणि दादांना फिनिशला उभं करायचं. ‘ताई, बरोबर आहे ना?’ असं विचारलंय.

टी-शर्ट छापायला टाकले नसतील तर थांबा. तुमचा जीव आहे दादांवर, ते पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण या बेताबद्दल दादांना कुणी विचारलंय का?

बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला दोन-तीन महिने जातात. बहुतेक वेळा पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली असते, म्हणजे ज्या पायांनी घाट चढला त्यातल्याच एकावर टाके आणि सूज. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. पाण्याची बादली उचलायची नाही. रविवारी 21 किलोमीटर पळून वर सगळ्यांना चहा पाजणारा माणूस आज अंघोळ करून आला की दमून पलंगावर टेकतो, आणि त्याच्या फोनवर तुमचे घाटातले सेल्फी येऊन पडतात. बघवत नसेल हो त्यांना. त्यात येणारा-जाणारा म्हणत असणार, ‘एवढं पळून काय उपयोग झाला?’ हे वाक्य फार लागतं. आनुवंशिकता, साखर, कोलेस्टेरॉल यांच्यापुढे पळणाऱ्याचंही नेहमी चालत नाही. कमावलेलं शरीर आता सावरायला मात्र मदत करतं. हे त्यांना तुमच्यापैकी कुणीतरी सांगायला हवं.

या ऑपरेशननंतर मन खचणं, चिडचिड होणं, उगाच रडू येणं हे पुष्कळांना होतं. आठवडे उलटूनही ते ओसरलं नाही, तर डॉक्टरांच्या कानावर घालायला वहिनींना सांगा.

वहिनींना बहुधा एकच धास्ती आहे, की तुम्ही त्यांना पुन्हा पळवाल. म्हणून आधी त्यांच्याशी बोला. ‘डॉक्टरांनी जेवढं चालायला सांगितलंय तेवढंच, आमच्यातला एकजण संध्याकाळी दादांबरोबर चालेल, तेवढा वेळ तुम्ही जरा मोकळ्या व्हा,’ असं म्हणा. घोळका नको. वेग दादांचा. चालताना त्यांना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. घड्याळातल्या हार्ट रेटवर विसंबू नका, बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर ठोके वाढतच नाहीत फारसे. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम लागून थांबेना तर तिथेच बसवा आणि 108 ला फोन करा. ताप, जखमेतून पाणी, हाडात कटकट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. पुन्हा कधी पळायचं हे डॉक्टर तपासून ठरवतील, तुम्ही तारीख काढू नका.

जे भेटायला टाळतात, त्यांच्यावर चिडू नका. दादांना होऊ शकतं तर मला का नाही, ही भीती आहे ती. त्यांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. घरात कुणाला हृदयविकार असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. आणि एका रविवारचा लाँग रन सोडून सगळ्यांनी मिळून सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायची पद्धत, शिका.

शर्यतीचं दादांना ऑगस्टमध्ये विचारा, एकट्याने, सरळ. कदाचित त्यांना घाटातल्या पाण्याच्या स्टॉलवर उभं राहावंसं वाटेल, कदाचित त्या दिवशी साताऱ्यातच नको असं वाटेल. जे म्हणतील ते ऐका. वहिनींना फोन मात्र आजच करा, दुपारी चारनंतर, जेवणं-गोळ्या उरकल्यावर.