घाटात गाडी ओढत नाही, डिझेल फिल्टर चोक झालाय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की डिझेल गाडी गावात नीट चालते, पण खंबाटकीच्या चढाला दम टाकते. मागच्या वेळी चेक इंजिनचा दिवा लागला आणि पाय दाबूनही वेग वाढेना. आता गॅरेजवाले इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) काढायचं म्हणताहेत. थोडं थांबा, आधी फिल्टर बघून घ्या. त्रास फक्त चढालाच होतो, ही तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

फिल्टर चोक झाला तरी डिझेल येतं, फक्त कमी येतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, इंजिनची भूक एवढीशी असते, ती अर्धवट बुजलेल्या फिल्टरमधूनही भागते. चार माणसं, एसी चालू आणि समोर घाट, की मागणी कितीतरी पट वाढते. मग कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच जाड नळीच्या) हाय प्रेशर पंपाला पुरेसं डिझेल मिळत नाही, रेलचं प्रेशर पडतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दिवा लावतो आणि ताकद कापतो. हाच लिंप मोड. चावी बंद करून परत चालू केली की गाडी बऱ्याचदा पुन्हा सुतासारखी धावते आणि मालकाला वाटतं, गेला प्रॉब्लेम!

याच्या आधीही खुणा दिसतात. सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो. हायवेला एकाच स्पीडवर हलके झटके बसतात. ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नाही.

पण पिकअप जायला इतर कारणंही असतात. काळा धूर भकाभका येत असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे एअर फिल्टर किंवा टर्बोचा होस बघा. डिझेलच कमी येत असेल तर सहसा काळा धूर होत नाही. आरपीएम वाढतोय आणि गाडी तिथल्या तिथेच, तर क्लच.

ईसीयूमधले एरर कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. पी0087 हा कोड आला तर रेल प्रेशर कमी पडतंय एवढं नक्की. का पडतंय, ते कोड सांगत नाही. मेकॅनिकला स्कॅनर घेऊन शेजारी बसवा आणि चढावर लोड देऊन रेलचं अपेक्षित आणि प्रत्यक्ष प्रेशर बघा. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर दोन्ही आकडे जुळले म्हणून समाधान मानू नका.

फिल्टर काढला की त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून घ्या आणि थोडा वेळ ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं. पाणी किंवा काळा गाळ दिसला तर टाकीही साफ करून घ्या, नाहीतर नवा फिल्टरही लवकरच बुजेल. धातूची चकचकीत पूड दिसली तर मात्र प्रकरण गंभीर आहे, पंप आतून झिजत असू शकतो आणि नुसत्या फिल्टरने भागणार नाही.

नवा फिल्टर ओरिजिनलच घ्या. डुप्लिकेटमध्ये वाचणारे पैसे इंजेक्टरच्या बिलापुढे काहीच नाहीत. बसवल्यावर हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा डिझेल पंप) असेल तर त्याने लाइनमधली एअर काढून मगच सेल्फ मारा. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, तो कोरडा फिरवू नका. फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीगणिक वेगळं असतं, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. (हे सगळं डिझेलबद्दल. आजकालच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीतच, पंपासोबत असतो.)

नव्या फिल्टरवर तोच घाट पुन्हा चढून बघा. तरीही प्रेशर पडलं तर टाकीपासूनची लाइन कुठे एअर घेतेय का आणि टाकीत पंप असेल तर तो कमजोर झालाय का, हे तपासा. ते ठीक निघालं तर इंजेक्टरची लीक-बॅक टेस्ट करा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावून कुठून जास्त डिझेल परत येतंय ते बघतात. इंजेक्टर न काढताच ती होते, त्यामुळे ती न करता थेट इंजेक्टर खोलायला निघाले तर दुसरं गॅरेज बघा.